नंदुरबार कोठे आहे?

(संस्थेच्या वार्षिक समारंभात इयत्ता पाचवी ते आठवीच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेले व्याख्यान. स्मरणिकेच्या वाचकांसाठी लिहून काढताना काही भाग थोडा विस्ताराने मांडला आहे.)



नकाशावाचन आणि भूगोलातील प्राथमिक संज्ञा, असा विषय मला देण्यात आला आहे. विषयाचे नाव उच्चारताच मागच्या बाकांवर जी चुळबूळ झाली ती माझ्या नजरेतून सुटली नाही. त्यात तुमचा दोष नाही. भूगोल म्हणजे पाठ करावयाच्या व्याख्या आणि परीक्षेत नकाशात भरावयाची नावे, अशी समजूत आम्ही मोठ्यांनीच करून दिली आहे. म्हणून व्याख्येपासून सुरुवात न करता एका हातनकाशाची हकीकत सांगतो. ती आमच्या घरातलीच आहे.

माझे वडील तीन भावांपैकी मधले. आजोबांच्या पश्चात जमिनीची वाटणी ठरली. शेत दक्षिणोत्तर लांब होते. उत्तरेच्या टोकाला विहीर आणि काळी माती, दक्षिणेकडे मुरूम. वडीलधाऱ्यांनी मधला रस्ता काढला की कोणी तरी शेताचा नकाशा काढून द्यावा, त्याचे तीन भाग पाडावेत आणि एकेकाने आपला भाग निवडावा. पहिली निवड वडिलांच्या वाट्याला आली. वडिलांना कुराणशरीफ वाचता येत असे, उर्दू पत्र वाचता येत असे. मराठी लिहिणे-वाचणे त्यांना आले नाही. त्यांनी नकाशा हातात घेतला, वरच्या तुकड्यावर बोट ठेवले आणि म्हणाले, हा माझा. अंगठा नव्हे, सही केली, उर्दूत.

नकाशा काढणाऱ्याने गावाकडचा रस्ता कागदाच्या वरच्या बाजूला घेतला होता. रस्ता दक्षिणेला होता. म्हणजे कागदाची वरची बाजू दक्षिण होती. कोपऱ्यात एक बाण काढलेला होता आणि त्याचे टोक खाली होते. खालच्या तुकड्यात एक लहानसे वर्तुळ होते, तीच विहीर. हे सारे त्या कागदावर होते. कोणी कोणाला फसवले नाही. धाकट्या काकांनी पुढे पुष्कळ वर्षे आम्हाला विहिरीचे पाणी दिले. पण पाणी दिलेले निराळे आणि आपले निराळे, हे शेतकऱ्याच्या मुलांना सांगावयास नको.

तेव्हा मुलांनो, नकाशा हातात आला की पहिली नजर त्या बाणाकडे जाऊ द्या. 'वर म्हणजे उत्तर' हा निसर्गाचा नियम नाही, निव्वळ रिवाज आहे. अल्-इद्रीसी ह्या विख्यात भूगोलवेत्त्याने ११५४ साली सिसिलीचा राजा दुसरा रॉजर ह्याच्यासाठी जगाचा जो नकाशा पूर्ण केला, त्यात दक्षिण वर आहे. तो नकाशा आजच्या सवयीने पाहिला तर सारे जग उलटे टांगल्यासारखे दिसते. तो चुकलेला नाही, आपण चुकीचे धरतो. तुमच्या घरातल्या मोबाइलचेही तेच. चालता चालता त्यातला नकाशा गरकन फिरतो आणि मघाशी वर असलेली उत्तर डाव्या हाताला जाते. निळा ठिपका तुम्ही कोठे आहात ते दाखवतो, तोंड कोणीकडे आहे ते तुम्हालाच ओळखावे लागते.

मग दिशा ओळखावी कशी? 'सूर्य पूर्वेला उगवतो' हे उत्तर अर्धेच खरे. वर्षातून दोनच दिवस, मार्च आणि सप्टेंबरात, तो नेमका पूर्वेला उगवतो. जूनमध्ये नंदुरबारचा सूर्य पूर्वेच्या बराच उत्तरेकडून वर येतो आणि डिसेंबरात तितकाच दक्षिणेकडून. पक्की दिशा काढण्याची रीत सांगतो, ती अंगणात करून पाहा. सपाट जागी हातभर सरळ काठी उभी रोवा. काठीला दोरी बांधून तिच्याभोवती वर्तुळ आखा. सकाळी काठीची सावली लांब असते, वर्तुळाबाहेर जाते. हळूहळू आखडत तिचे टोक वर्तुळाला टेकते. तेथे खडा ठेवा. दुपारनंतर सावली पुन्हा वाढते आणि दुसऱ्या बाजूने वर्तुळाला टेकते. तेथे दुसरा खडा. दोन्ही खडे जोडणारी रेषा म्हणजे पूर्व-पश्चिम. पहिला खडा पश्चिमेचा, दुसरा पूर्वेचा. तिच्यावर काटकोनात दुसरी रेषा काढली की उत्तर-दक्षिण मिळाली. ह्याला होकायंत्र लागत नाही, वीज लागत नाही, पैसाही लागत नाही. ही रीत आपल्या देशात फार जुनी आहे. अरब विद्वानांनी ती उचलली आणि प्रामाणिकपणे तिचे नाव ठेवले 'दायरा-ए-हिंदिया', म्हणजे हिंदुस्थानी वर्तुळ. मशिदींच्या बांधकामासाठी दिशा ठरवताना तिचा उपयोग होत आला आहे.

आता शब्दांकडे वळू. आपल्या संस्थेतील बरीच मुले उर्दू माध्यमाची आहेत. उर्दू शाळेतून मी मराठी शाळेत गेलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात गुरुजींनी विचारले, "अक्षवृत्त म्हणजे काय?" मी गप्प उभा राहिलो. गोष्ट मला येत होती, शब्द येत नव्हता. 'अर्ज-उल-बलद' विचारले असते तर घडाघड सांगितले असते. त्या दिवशी मी ढ ठरलो. आज तुमच्यापैकी कोणी पुढे तलाठ्याच्या परीक्षेला बसेल, कोणी अभियंता होईल, कोणी सर्वेक्षणाच्या कामाला जाईल. तेथे प्रश्न कोणत्या भाषेत येईल ते तुमच्या हातात नाही. म्हणून दोन्ही शब्द जवळ ठेवा. पूर्व म्हणजे मशरिक, पश्चिम म्हणजे मगरिब. मगरिबची नमाज सूर्य मावळल्यावर होते हे आठवले की चूक होणार नाही. उत्तर म्हणजे शुमाल, दक्षिण म्हणजे जुनूब. विषुववृत्त हे खत्त-ए-इस्तवा. कर्कवृत्त हे खत्त-ए-सरतान. सरतान म्हणजे खेकडा आणि कर्क म्हणजेही खेकडाच. नकाशाचे प्रमाण म्हणजे पैमाना. पठार म्हणजे सतह-ए-मुर्तफा, उंचावलेला पृष्ठभाग. अर्ज म्हणजे येथे तहसील कचेरीत द्यावयाचा अर्ज नव्हे, तर रुंदी. तूल म्हणजे लांबी. म्हणून अक्षांश हा अर्ज-उल-बलद आणि रेखांश हा तूल-उल-बलद.

मराठी माध्यमाच्या मुलांनीही हसू नये. तुमच्या तोंडी असलेला 'नकाशा' हा अरबी 'नक्श'चा पुत्र आहे. जिल्हा, तालुका, मौजे, कसबा, हद्द हे सातबाऱ्यावरचे आणि कचेरीतले शब्द त्याच घराण्यातले. खरीप आणि रब्बी ही अरबी ऋतूंची नावे. खरीप म्हणजे शरद आणि रबी म्हणजे वसंत. 'मौसिम' हा अरबी शब्द जहाजांबरोबर युरोपात गेला आणि मॉन्सून होऊन परत आला. बेटाला अरबीत जजीरा म्हणतात. मुरूडच्या समुद्रातला जंजिरा तो हाच. आणि द्वीपकल्प म्हणजे उर्दूत जजीरानुमा, बेटासारखे दिसणारे पण एका बाजूने जमिनीला जोडलेले. हा शब्द एकदा समजला की द्वीपकल्पाची व्याख्या पाठ करावी लागत नाही.

एवढ्या तयारीवर व्याख्यानाच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. नंदुरबार कोठे आहे? तुमच्यातला एकजण मघाशी म्हणाला, "महाराष्ट्रात." बरोबर. पण माझ्या वडिलांच्या लहानपणी हे गाव मुंबई इलाख्यातल्या पश्चिम खानदेश जिल्ह्यात होते. माझ्या शाळेच्या पुस्तकात ते धुळे जिल्ह्यात होते. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला आणि नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा व अक्राणी असे सहा तालुके त्यात आले. घर जागचे न हलता आम्ही तीन जिल्ह्यांत राहिलो! सीमा ही माणसांनी आखलेली रेषा असते आणि ती बदलते. ह्याचा मजेदार नमुना पाहावयाचा असेल तर सुरत-भुसावळ मार्गावरच्या नवापूर स्थानकावर उतरा. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले आणि सीमारेषा ह्या स्थानकामधूनच गेली. फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात, दुसरा गुजरातेत. तेथल्या एका बाकावर दोन मित्र शेजारी बसले तर एक ह्या राज्यात असतो आणि दुसरा त्या. बाकाला त्याची काही कल्पना नाही.

तेव्हा राज्य-जिल्हा सांगून गावाचा पत्ता कायमचा लागत नाही. कायमचा पत्ता दोन आकड्यांत असतो. पृथ्वीच्या मध्याभोवती विषुववृत्त कल्पिले आहे. त्याला समांतर वर-खाली जी वर्तुळे काढतात ती अक्षवृत्ते. उत्तर ध्रुवापासून दक्षिण ध्रुवापर्यंत कलिंगडाच्या फाकांप्रमाणे ज्या रेषा जातात ती रेखावृत्ते. विषुववृत्तापासून किती अंश वर, हा अक्षांश. इंग्लंडातील ग्रिनिचपासून किती अंश पूर्वेला, हा रेखांश. नंदुरबार शहराचा अक्षांश सुमारे २१ अंश २२ मिनिटे उत्तर आणि रेखांश सुमारे ७४ अंश १५ मिनिटे पूर्व. ह्या दोन आकड्यांना ना राज्य बदलले ना जिल्हा.

आता दुसरे दोन आकडे देतो, ते लिहून घ्या. अक्षांश २१ अंश २५ मिनिटे उत्तर, रेखांश ३९ अंश ५० मिनिटे पूर्व. हे गाव कोणते?

हे मक्का शरीफ.

पहिला आकडा पुन्हा पाहा. नंदुरबारचा २१ अंश २२, मक्केचा २१ अंश २५. फरक फक्त तीन मिनिटांचा. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे १.८५ किलोमीटर, तीन मिनिटे म्हणजे साडेपाच किलोमीटर. काबा ज्या अक्षवृत्तावर आहे ते अरबी समुद्र ओलांडून आपल्या जिल्ह्यात येते आणि नंदुरबार व प्रकाशे यांच्या मधून जाते. प्रकाशाला जाताना तुम्ही ते दर वेळी ओलांडता. पुष्कळ वर्षे भूगोल शिकवूनही हे माझ्या ध्यानात आले नव्हते. एकदा संध्याकाळी सहज दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले गेले आणि मी बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिलो.

मग किब्ला नेमका पश्चिमेला, असे तुम्ही म्हणाल. दोन्ही गावे एकाच वृत्तावर, मक्का पश्चिमेला, तेव्हा नाकासमोर पश्चिमेला चालत गेले की झाले. येथे थांबा. पृथ्वी सपाट नाही, म्हणून गोलावर सर्वांत जवळचा रस्ता अक्षवृत्तावरून जात नाही. शाळेतला पृथ्वीगोल घ्या आणि नंदुरबारपासून मक्केपर्यंत दोरा ताणून धरा. ताणलेला दोरा नेहमी जवळचाच रस्ता धरतो. तो अक्षवृत्ताच्या किंचित उत्तरेकडे झुकलेला दिसेल. गोल मोठा असला तरी फरक दोन-तीन मिलिमीटरांचाच, म्हणून बारकाईने पाहा. तेवढ्याने समाधान झाले नाही तर दोरा दुसऱ्या बाजूने, पूर्वेकडे, प्रशांत महासागरातल्या होनोलुलूपर्यंत ताणा. तेही जवळजवळ आपल्याच अक्षवृत्तावर आहे. दोरा सरळ पूर्वेला न जाता चीनवरून आणि जपानच्या उत्तर भागाजवळून गेलेला पाहून तुमचा विश्वास बसेल. हिशेब केला तर नंदुरबारहून किब्ल्याची दिशा पश्चिमेपासून सुमारे साडेसहा अंश उत्तरेकडे येते. हे ऐकून कोणी मशिदीची भिंत मोजावयास निघू नये. वडीलधारे रागावतील, आणि त्याची गरजही नाही. दूरच्या माणसाला दिशा साधली की पुरे, असे जाणते लोक सांगत आले आहेत. पण ह्या प्रश्नाने मोठमोठ्या बुद्धीच्या माणसांना कामाला लावले हे खरे. अल्-बीरूनीने गझनीचा किब्ला नेमका काढण्यासाठी गावांचे अक्षांश-रेखांश कसे मोजावेत ह्यावर एक सबंध ग्रंथ १०२५ साली पूर्ण केला. भक्ती आणि भूमिती ह्या दोन गोष्टी त्याच्या मेजावर एकत्र नांदत होत्या.

अक्षांशाचे झाले, रेखांशाचा उपयोग तर रमजानात रोजचा आहे. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटे. भारताचे घड्याळ साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्तावर लावलेले आहे. नंदुरबार त्याच्या सव्वाआठ अंश पश्चिमेला, म्हणून आपल्याकडे सूर्य माथ्यावर येण्यास ३३ मिनिटे उशीर होतो. नागपूर आपल्या जवळजवळ पाच अंश पूर्वेला आहे. आता समजा, नागपूरच्या पाहुण्याने तिकडचे इफ्तारचे वेळापत्रक आणले आणि तुम्ही ते भिंतीवर लावले. काय होईल? सूर्य मावळण्याच्या सुमारे १९ मिनिटे आधी रोजा सुटेल! मुंबईचे वेळापत्रक लावाल तर पाच-सहा मिनिटे उगाच थांबावे लागेल. एवढ्यावरून रेखांश म्हणजे काय ते घरातल्या आजीलाही सांगता येईल, आणि ती ते विसरणार नाही.

नंदुरबार हे वाटेवरचे गाव होते. इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी १३४२ च्या सुमारास दिल्लीहून निघाला, तो दौलताबादेहून खंबायतकडे जाताना आपल्या गावावरून गेला आणि त्याने प्रवासवर्णनात मराठ्यांच्या ह्या लहानशा गावाची नोंद केली. त्याच्यापाशी आपल्यासारखा नकाशा नव्हता. वाटाड्याला विचारीत आणि मुक्काम मोजीत तो गेला. अंतर मोजण्याचे आपले साधन नकाशाचे प्रमाण हे आहे, आणि आता त्याकडे येऊ.

भारतीय सर्वेक्षण विभाग ही संस्था १७६७ पासून ह्या देशाचे नकाशे करीत आली आहे. तिच्या स्थलनिर्देशक नकाशांत नंदुरबार, तळोदा, शहादा ही गावे जुन्या क्रमांकाप्रमाणे '४६ के' ह्या भागात येतात. एकेकाळी हे नकाशे मिळवणे जिकिरीचे होते. आता शाळेतल्या संगणकावरही उतरवून घेता येतात. त्यांचे प्रमाण एकास पन्नास हजार, म्हणजे नकाशावर दोन सेंटिमीटर तर जमिनीवर एक किलोमीटर. निळे दिसेल ते पाणी, हिरवे ते रान, पिवळी ती शेती, तांबडे ते रस्ते आणि वस्ती. कोपऱ्यात सूची असते, ती आधी वाचा. आमच्या विहिरीचे वर्तुळ आठवत असेलच.

धडगाव पाहा. त्याचा रेखांश जवळजवळ नंदुरबारचाच, अक्षांश सुमारे २७ मिनिटे जास्त. म्हणजे सरळ रेषेत ते पन्नास किलोमीटरवर आहे, ह्या नकाशावर एक मीटर. पण एस.टी.ने जाऊन आलेल्या मुलाला विचारा. तापी ओलांडायची, मैदान संपवायचे आणि मग घाटाची वळणे चढायची. अंतर पन्नास, रस्ता त्याहून कितीतरी जास्त, हे कशामुळे? ते नकाशावरच्या तपकिरी रेषा सांगतात. त्यांना समोच्चरेषा म्हणतात. समुद्रसपाटीपासून सारख्या उंचीची ठिकाणे जोडणारी ती रेषा. ह्या नकाशांत दर २० मीटर उंचीला एक रेषा असते. तापीच्या मैदानात त्या दूर दूर विखुरलेल्या दिसतात; सातपुड्याला लागताच केसांच्या बटेप्रमाणे एकमेकींना चिकटतात. रेषा विरळ तर उतार सौम्य, रेषा दाट तर चढण उभी. एवढे समजले की कागदावरून डोंगर वाचता येतो. तोरणमाळजवळ त्या सुमारे ११५० मीटरपर्यंत चढतात आणि मग एकदम विरळ होतात, कारण माथा सपाट आहे. पठार ते हेच. सातपुड्याच्या कण्यावरचे पाणी उत्तरेला उतरले तर नर्मदेला मिळते, दक्षिणेला उतरले तर तापीला. अशा कण्याला जलविभाजक म्हणतात. प्रकाशाला गोमाई येऊन तापीला मिळते, तो संगम. गोमाई ही तापीची उपनदी. हे शब्द पुस्तकात शोधू नका, एकदा पुलावर उभे राहून पाहा.

समोच्चरेषेविषयी आणखी थोडे बोलले पाहिजे, कारण आपल्या जिल्ह्यात ह्या रेषेने माणसांची गावे उठवली आहेत. आपल्या उत्तर सीमेवर नर्मदा वाहते. तिच्यावर गुजरातेत सरदार सरोवर धरण आहे. नर्मदा जलविवाद लवादाने १९७९ साली निवाडा दिला आणि जलाशयाची पूर्ण पातळी ४५५ फूट ठरली, म्हणजे १३८.६८ मीटर. हा आकडा नकाशावर कोठे येईल, सांगा बरे. दर २० मीटरला रेषा, म्हणजे १२० ची एक आणि १४० ची एक. १४० च्या रेषेच्या किंचित खाली. ती रेषा नर्मदेच्या काठाने बोट फिरवीत पाहिली तर ती सरळ जात नाही. प्रत्येक ओढ्याच्या खोऱ्यात आत शिरते, वळते, पुन्हा बाहेर येते. भरलेले पाणीही तसेच आत शिरते. नदीकाठापासून दूर, ओढ्याच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या माणसाला वाटते, नदी कोठे आणि मी कोठे! रेषा मात्र त्याच्या ओट्यावरून गेलेली असते. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे अशी बुडिताखाली आली. मणिबेली हे त्यांतले पहिले; तेथे १९९३ च्या सुमारासच घरांत पाणी आले. २०१९ च्या सप्टेंबरात जलाशय प्रथमच पूर्ण पातळीपर्यंत भरला. विस्थापितांच्या वसाहती आज तळोदा, शहादा, अक्कलकुवा भागांत आहेत आणि त्यांची मुले तुमच्याबरोबर एस.टी.त बसतात.

धरण व्हावे की न होऊ द्यावे ह्या वादात मी तुम्हाला नेत नाही. त्याला दुसरे व्यासपीठ आहे. मला एवढेच दिसते की ती रेषा कचेरीतल्या कागदावर पुष्कळ आधी काढलेली होती आणि ज्यांच्या घरावरून ती गेली त्यांच्यातल्या फार थोड्यांना ती वाचता येत होती. जमिनीवर समोच्चरेषा दिसत नाही. मोजणीवाले येतात, दगड रोवतात आणि जातात. तो दगड बरोबर जागी आहे की नाही, हे विचारण्यासाठी आधी कागद वाचता यावा लागतो. माझ्या वडिलांचे एक शेत गेले. तेथे गावे होती.

वेळ बराच झाला, अध्यक्ष घड्याळाकडे पाहत आहेत. जाता जाता सुट्टीतला अभ्यास देतो. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला राहतो, म्हणून वर्षातून दोनदा सूर्य नेमका आपल्या डोक्यावर येतो. मक्का आपल्याच अक्षवृत्तावर, म्हणून तेथेही त्याच दिवशी. ते दिवस म्हणजे २७ किंवा २८ मे आणि १५ किंवा १६ जुलै. जुलैत आपल्याकडे ढग असतात, तेव्हा मे महिना धरा. शाळा बंद असेल, ऊन कडक असेल, टोपी घाला. एक मीटर लांबीची काठी अंगणात ओळंब्याने सरळ रोवा. दुपारी साडेबाराच्या सुमारास तिची सावली नाहीशी होईल.

मग घरात जाऊन पाणी प्या, जोहरची नमाज पढा आणि २ वाजून ४८ मिनिटांनी पुन्हा बाहेर या. त्या क्षणी सूर्य बरोबर काब्याच्या माथ्यावर असतो आणि काब्याला सावली नसते. तुमच्या काठीला मात्र असेल. सावलीच्या टोकाशी उभे राहून काठीकडे तोंड करा. तुमचे तोंड किब्ल्याकडे आहे. सूर्याकडे टक लावून पाहू नका, सावली पुरे. तिच्यावर चुन्याने रेघ ओढा आणि काठीच्या वर्तुळावरून काढलेल्या पश्चिमेशी ताडून पाहा. साडेसहा अंशांचा तो फरक स्वतःच्या अंगणात दिसेल.

सावलीची लांबीही मोजा. ती ६२ सेंटिमीटरांच्या आसपास यावी. कागदावर दहा सेंटिमीटर उभी रेघ आणि तिच्या पायथ्याशी काटकोनात ६.२ सेंटिमीटर आडवी रेघ काढून टोके जोडा आणि वरचा कोन कोनमापकाने मोजा. जितके अंश येतील तितके अंश मक्का तुमच्यापासून दूर आहे. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर, त्याला ३६० ने भागले की एका अंशाला १११ किलोमीटर. गुणाकार करा. माझे उत्तर ३,५५२ आले होते. तुमचे किती येते ते वहीत लिहून ठेवा आणि जूनमध्ये शाळा उघडली की घेऊन या.